लहान मुलांना घेऊन नवी मुंबईत रोजची सायकल: आधी रस्ता, मग सायकल

आम्ही नेरुळला राहतो. थोरला साडेसात वर्षांचा, धाकटी साडेतीनची. दोन वर्षं झाली, शाळा, भाजी, दळण, बाग आणि सीझनला खाडीकडे फ्लेमिंगो बघायला जाणं, हे सगळं जमेल तितकं सायकलवरच करतो. आम्ही काही स्पोर्टवाले नाही, ते घट्ट चड्ड्या घालून पहाटे पाम बीच रोडला जाणारे लोक वेगळे, मी आपली कुर्ता आणि मागे पट्टा असलेली सँडल घालून जाते. सुरू केलं तेव्हा नीट सांगणारं कुणी नव्हतं. दुकानदार त्याला खपवायची असेल ती सायकल दाखवायचा, सासूबाई म्हणायच्या पोरीला घेऊन कुठेतरी आपटशील, आणि नेटवर बघावं तर हॉलंडमधल्या बायका पुढे लाकडी पेटारा लावलेल्या सायकलीत तीन तीन पोरं घालून चाललेल्या. तो पेटारा आमच्या लिफ्टच्या दारातच अडकला असता. मग काय, चुका करत शिकलो. त्यातल्या निम्म्या तरी तुमच्या वाचाव्यात म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, सायकल सगळ्यात शेवटी घ्या. आमचं उलटं झालं होतं, उत्साहात सायकल आणली आणि मग दोन महिने ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला वापरली, कारण धाकटीला घेऊन नक्की कुठल्या रस्त्याने जायचं हेच ठरत नव्हतं.

१. रस्ता शोधा, तोही पायी

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि शहर नोडमध्ये, म्हणजे नेरुळ, बेलापूर अशा मोठ्या भागांत, आणि नोड सेक्टरमध्ये पाडलं गेलं. शाळा, मार्केट, बाग घराजवळ असावी हा त्यामागचा विचार, आणि लहान मुलं घेऊन सायकल चालवणाऱ्याला त्याचा खरा फायदा मिळतो. आमची रोजची सगळी कामं दीड किलोमीटरच्या आत होतात, आणि तीही सेक्टरच्या आतल्या रस्त्यांनी. पण हेच शहर एका नोडमधून दुसऱ्यात जायला तुम्हाला मोठ्या रस्त्यावर आणून सोडतं. तेव्हा सुरुवातीला तरी आपला नोड सोडायचा नाही.

मुलांना घेऊन कुठे जायचंच नाही ते सांगते: सायन-पनवेल हायवे, ठाणे-बेलापूर रोड, एपीएमसी आणि तुर्भे एमआयडीसीकडचा ट्रकवाला भाग, आणि पाम बीच रोड. पाम बीचबद्दल लोक वाद घालतात की रस्ता किती छान गुळगुळीत आहे, अहो गुळगुळीत आहे म्हणूनच तिथे गाड्या सुसाट जातात. फ्लेमिंगो बघायला डीपीएस तलावाकडे जाताना आम्हाला पाम बीच ओलांडावा लागतो, तो सिग्नलवर, सायकलवरून उतरून, चालत, पायी माणसं जातात तसा. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

आता रस्ता ठरवायचा कसा. मोबाइलमधल्या मॅपवर विश्वास ठेवू नका, तो कमी अंतराचा रस्ता दाखवतो, शांत रस्ता दाखवत नाही. ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला तो रस्ता एकदा चालत जा. सकाळी सातला शाळेच्या बसेस आणि मुलांना सोडायला आलेल्या गाड्या असतात, तोच रस्ता अकराला रिकामा असतो, आणि संध्याकाळी सातला तिथे पाणीपुरीच्या गाडीभोवती स्कूटरची दुहेरी रांग लागते. चालताना ह्या गोष्टी बघा:

उजवी वळणं किती आहेत ते मोजा. आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, त्यामुळे डावीकडे वळायला काही लागत नाही, उजवीकडे वळायला मात्र मागची आणि समोरची दोन्हीकडची गाडी सांभाळून मधोमध यावं लागतं. मूल मागे बसलेलं असताना मान वळवून मागे बघणं पहिले काही दिवस जमतच नाही, सायकल डुलते. आमची शाळा जवळच्या रस्त्याने नऊशे मीटर आहे, पण त्यात दोन उजवी वळणं आणि मार्केट. आम्ही बागेच्या भिंतीमागून जातो, ते होतात चौदाशे मीटर, एकच उजवं वळण, तिथे उतरतो. पाचशे मीटर जास्त चालवायला तीन-चार मिनिटं लागतात आणि रक्तदाब जागेवर राहतो.

गटाराच्या जाळ्या बघा. ज्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या असतात तिच्यात लहान सायकलचं बारीक चाक सरळ आत जातं. खचलेले पेव्हर ब्लॉक बघा. कुत्री कुठल्या कोपऱ्यावर बसतात ते बघा, कारण पळत्या चाकाच्या मागे लागणारा कुत्रा सायकल थांबवून उतरलं की बहुतेक वेळा गप्प होतो, पण हे मुलाला आधी सांगून ठेवलेलं असलं पाहिजे. आणि रेल्वेखालचे सबवे बघा, कोरड्यात ठीक असतात, पावसाचं पुढे सांगते.

ठाण्यातल्या माझ्या बहिणीला हेच लागू झालं, फक्त रस्ते वेगळे. घोडबंदर रोडवर मुलं घेऊन सायकल हा विचारसुद्धा करू नका, तिथे कंटेनर चालतात. तिने कॉम्प्लेक्सच्या आतले रस्ते पकडले, आणि रविवारी सकाळी लवकर उपवन तलाव. मासुंदा तलावावर संध्याकाळी माणसं मावत नाहीत तिथे सायकल कुठे घालणार. येऊर चढ आहे, वीस किलोचं पोर मागे घेऊन तो चढायची हौस कुणाला असेल तर त्यांना माझा नमस्कार.

२. मूल कुठे बसणार ते ठरवा

मूल आधाराशिवाय नीट बसतं आणि हेल्मेट घालूनही मान सावरतं, तोपर्यंत सायकल नाही. साधारण एक वर्ष धरा आणि आपल्या मुलांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. पोटाशी कॅरिअर बॅगेत बाळ बांधून सायकल चालवणारे मी पाहिलेत, करू नका, तुम्ही पडलात तर बाळावरच पडाल.

त्यानंतर दोन पर्याय आहेत. पुढचं सीट, हँडल आणि तुमच्यामध्ये बसणारं, साधारण १५ किलोपर्यंत चालतं. मूल नजरेसमोर असतं, गप्पा होतात, पण तुमचे गुडघे बाहेर फाकवून पॅडल मारावं लागतं. मागचं सीट साधारण २२ किलोपर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षांपर्यंत पुरतं. नेमका आकडा सीटवर छापलेला असतो, तोच धरायचा. आम्ही थेट मागचं घेतलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

इथे सगळ्यात मोठी फसगत होते ती कॅरिअरमध्ये. सीट २२ किलोला चालतं म्हणून लोक ते कुठल्याही कॅरिअरवर कसतात. कॅरिअरवर त्याचं वजन ठोकलेलं किंवा छापलेलं असतं, बऱ्याचदा २५ किलो. सीटचंच वजन तीन-चार किलो, वर १८ किलोचं मूल, वर त्याची शाळेची बॅग मागे अडकवलेली, झाली मर्यादा पार. आणि ते सीटच्या नळीला एकाच ठिकाणी पकडणारे ॲल्युमिनियमचे कॅरिअर असतात ना, दिसायला झकास, ते साधारण दहा किलोला असतात. त्यावर डबा ठेवा, मूल नको.

जुन्या पद्धतीचं, दांडीवर बसवायचं छोटं सीट अजून मिळतं. माझे बाबा मला त्यावर बसवून न्यायचे, त्यामुळे त्याबद्दल वाईट बोलताना जीव जड होतो, पण त्याला पट्टे नसतात आणि पाय ठेवायला जागा नसते. पाय हाच मुद्दा आहे. मुलाचा पाय चाकाच्या तारांमध्ये जाणं हा ह्या सगळ्यातला अगदी नेहमीचा अपघात, आणि घोट्याची कातडी कशी सोलवटते ते मी शेजारच्या मुलाचं बघितलंय. पाय ठेवायला खोलगट पावडी, पावलावरून पट्टा, आणि चाकाला बाजूने जाळी किंवा प्लास्टिकचं कव्हर, ह्या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय निघायचं नाही. पूर्वी लेडीज सायकलला साडी अडकू नये म्हणून जी जाळी लावायचे तीच, दुरुस्तीवाल्याला सांगितलं की बसवून देतो. तुमची ओढणी पण घरी ठेवा किंवा गाठ मारून घ्या.

३. मोठ्यांची सायकल

दांडी खाली असलेली सायकल घ्या, ज्याला दुकानात अजून लेडीज सायकल म्हणतात. पुरुषांनी पण हीच घ्यायची. आमच्याकडे नवरा आधी ऐकेना, त्याने त्याच्या जुन्या दांडीवाल्या सायकलला सीट बसवून घेतलं, आणि पहिल्याच दिवशी सवयीने पाय मागून फिरवून बसायला गेला. मागे धाकटी होती. बूट सरळ तिच्या हेल्मेटवर. तिला लागलं काहीच नाही पण ती त्याच्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, त्यानंतर आठवड्यात आम्ही सायकल बदलली.

बाकी लक्षात ठेवायचं एवढंच. मागे स्प्रिंगवाली सस्पेन्शनची सायकल घेऊ नका, तिला मुलाचं सीट नीट बसत नाही आणि नेरुळच्या सपाट रस्त्याला ती लागतही नाही. टायर थोडा जाड असावा. तुमचं स्वतःचं सीट इतकं खाली ठेवा की थांबल्यावर दोन्ही पाय पुरते जमिनीला टेकतील, सायकलिंग करणारे लोक म्हणतील की गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे, त्यांच्या मागे मूल नसतं. आणि स्टँड डबल हवा, दोन पायांचा, मध्ये बसणारा. का ते पाचव्या पायरीत सांगते.

ई-सायकल घ्यावी का असं पुष्कळ जण विचारतात. चढ असेल, मूल वीस किलोच्या आसपास असेल तर उपयोगी आहे. पण २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तरच ती कायद्याने सायकल ठरते, लायसन्स आणि रजिस्ट्रेशन लागत नाही. त्यापेक्षा जास्त पळणारी गाडी "मॅडम कुणी विचारत नाही" म्हणून गळ्यात मारतील, ती घेऊ नका, आणि तशा वेगाला मागच्या सीटवर मूल तर मुळीच नको.

आमची आत्ताची सायकल सेकंडहँड आहे, साडेचार हजारांना घेतली, वर ब्रेकचे रबर, दोन्ही टायर आणि चेन नवीन टाकली. नवीन घेणार असाल तर बिल बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय, जुन्या स्टिकरच्या किमतीवर घासाघीस करायला हा मुद्दा चालतो.

४. मुलाची स्वतःची सायकल

"वाढतं अंग आहे, मोठी घ्या" हे कपड्यांना ठीक आहे. सायकल मोठी घेतली की मुलाचे पाय टेकत नाहीत, ते घाबरतं, आणि सायकल पार्किंगमध्ये धूळ खाते. अंदाजे सांगायचं तर तीन-चारला १२ किंवा १४ इंची चाक, पाचच्या आसपास १६, सहा-सात ते नऊ २०, पुढे २४. पण वय सोडा, मुलाला दुकानात घेऊन जा आणि सीटवर बसवा, दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकली पाहिजेत. मग ब्रेक दाबायला सांगा. स्वस्त सायकलींचे ब्रेक इतके कडक असतात की मला दाबताना जोर लागतो, पाच वर्षांच्या बोटांना काय दबणार. दोन बोटांनी दबत नसेल तर ती सायकल सोडा, मग तिच्यावर कुठलाही सुपरहिरो असो. सुपरहिरोवरून दुकानात रडारड होणार, ती धरून चला.

शिकवायचं कसं. साइडच्या छोट्या चाकांनी मूल पॅडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला शिकत नाही, उलट वळताना चुकीच्या बाजूला कलायची सवय लागते. आम्ही ती चाकं काढली आणि दोन्ही पॅडलही काढून टाकली. १५ नंबरचा पाना लागतो. आणि इथे एक गंमत आहे, डाव्या पॅडलची आटी उलटी असते, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. मला हे माहीत नव्हतं, मी अर्धा तास त्याला आणखी घट्ट करत बसले होते आणि घाम पुसत नवऱ्याला गंजलंय म्हणून सांगत होते.

पॅडल नसलेली सायकल घेऊन थोरला सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीवर, पायांनी ढकलत फिरायचा. चार-पाच दिवसांनी बघितलं तर पार्किंगच्या त्या हलक्या उतारावर त्याने दोन्ही पाय वर उचलले होते आणि तोंड उघडं टाकून सरळ चालला होता, वॉचमनकाकांनी खुर्ची बाजूला ओढली म्हणून बरं. पॅडल परत लावलं त्या संध्याकाळी दहा मिनिटांत चालवायला लागला. मागून सीट धरून वाकून पळायची गरजच पडली नाही, कंबर वाचली.

पोडियमवर चालवता येणं आणि रस्त्यावर येणं ह्यात आम्ही सात-आठ महिने ठेवले. आधी सोसायटीत, मग रविवारी सकाळी रिकाम्या सेक्टर रोडवर, मग शाळेचा रस्ता पण सुट्टीच्या दिवशी, आणि मग शाळेच्या दिवशी. बेलापूरला ओळखीचं कुणी असेल तर आर्टिस्ट व्हिलेजच्या आतल्या गल्ल्या सरावाला फार छान आहेत, गाड्यांना तिथे जोरात जाताच येत नाही.

५. बसवणं, उतरवणं

चालवताना पडाल ही भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात आम्ही पडलो ते उभ्या सायकलवरून.

धाकटी तेव्हा पावणेदोनची. भाजीवाल्या मावशींसमोर सायकल साइड स्टँडवर लावली, ही मागे सीटमध्ये, पट्टे लावलेले, म्हटलं एक मिनिटाचं काम आहे. कोथिंबिरीची जुडी उचलून मी मुळं बघत होते, तेवढ्यात हिने टोमॅटोसाठी हात लांब केला, तिचं वजन एका बाजूला गेलं, साइड स्टँडचं टोक पेव्हर ब्लॉकच्या फटीत रुतलं, हँडल आपोआप वळलं आणि सायकल सावकाश, अगदी सावकाश कलायला लागली. मी ते बघत होते आणि माझ्या हातात कोथिंबीर होती. मावशींनी बसल्या जागेवरून कॅरिअर धरलं. हेल्मेटची कड टोमॅटोच्या क्रेटवर टेकली, बस एवढंच. पोरगी हसत होती. मला मात्र घरी येईपर्यंत घसा कोरडा पडला होता.

तेव्हापासूनचे नियम:

- मूल सीटमध्ये असताना सायकलवरचा एक हात सुटत नाही. फोन वाजला तर वाजू दे.
- बसवताना मूल शेवटी, आधी पिशव्या. उतरवताना मूल आधी, मग पिशव्या. सवय उलटी लागते, कारण हातातलं जड आधी ठेवावंसं वाटतं.
- डबल स्टँड. त्यावर सायकल सरळ उभी राहते, तरी पहिला नियम लागूच.
- केसांचा एक जाड रबर हँडलला कायम ठेवा. थांबल्यावर ब्रेक दाबून त्यावर चढवायचा, सायकल मागेपुढे होत नाही. दहा रुपयांचा पार्किंग ब्रेक.
- मूल झोपायला लागलं की थांबा. झोपलेली मान खड्ड्यात गपकन पुढे जाते. आम्ही परत येताना गाणी म्हणतो, ती माझी हौस नव्हे, तिला जागं ठेवायचा उपाय आहे.

आणि मुलाला बसवायच्या आधी तेवढ्याच वजनाचं तांदळाचं पोतं सीटला बांधून दोन दिवस सेक्टरमध्ये फिरा. लोक हसतील. पोतं पडलं तर तांदूळच जातात.

६. हेल्मेट

सायकलला हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, तरी मुलांना हवंच, आणि आईबापाने घातलं नाही तर मूल पण घालत नाही, हा आमचा अनुभव. माप घ्यायचं भुवयांच्या दोन बोटं वर, डोक्याभोवती टेप फिरवून. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असा सुरक्षेच्या मानकाचा शिक्का बघा. स्केटिंगच्या सेटमध्ये मिळणाऱ्या टोपल्यांवर बऱ्याचदा काहीच नसतं. घातल्यावर कड भुवईच्या दोन बोटं वर, पट्ट्यांचा व्ही कानाच्या खाली, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकं घट्ट. डोक्याच्या मागे सरकवून, कपाळ उघडं टाकून घातलेलं हेल्मेट म्हणजे टोपी झाली. एकदा जोरात आपटलं की बदलायचं, वरून तडा दिसत नसला तरी. त्यामुळे सेकंडहँड सायकल घ्या, हेल्मेट मात्र नवं.

७. सामान आणि कागद

सोबत ठेवायचं:
- हातपंप. आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि पंपाचं तोंड जुळतं ना ते दुकानातच लावून बघा. मोठ्या सायकलला एक व्हॉल्व्ह आणि मुलाच्या सायकलला दुसराच, असं आमच्याकडे निघालं. पेट्रोल पंपावरच्या हवेने लहान ट्यूब फुटू शकते, ती मोटरगाड्यांसाठी असते.
- पंक्चरचं किट, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर, मुलाच्या सायकलच्या मापाची एक जादा ट्यूब. १६ इंची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही.
- ४, ५, ६ एमएमच्या ॲलन की, १५ नंबरचा पाना, जुनं फडकं.
- पुढे पांढरा दिवा, मागे लाल. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि शाळा त्याच्या आधी भरते, त्यामुळे दिवा फक्त रात्रीसाठी असतो असं समजू नका. नव्या सायकलीवरचे रिफ्लेक्टर मुलं खेळायला काढतात, परत लावा.
- बेल. घंटीचं काम तोंडाने होत नाही.
- कुलूप, फ्रेममधून खांबाला. नुसत्या चाकाला लावलं तर चाक तेवढं राहतं.

कागदांमध्ये बिल जपून ठेवा आणि फ्रेम नंबरचा फोटो काढून ठेवा, तो बहुतेक पॅडलच्या खाली, सायकल उलटी केल्यावर दिसतो. चोरी झाली तर पोलीस तोच विचारतात. सोसायटीला पार्किंगसाठी लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या, तोंडी "ठेवा हो" म्हणणारे सेक्रेटरी बदलले की सायकल जिन्याखालून बाहेर काढली जाते, आमची निघाली होती. शाळेत सायकल ठेवायची तर तिथेही एक साधं पत्र द्या. मुलाच्या बॅगेत नाव, दोन फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेलं कार्ड ठेवा, बाहेरून दिसेल असं लावू नका.

८. रस्त्यावर

दोघं मोठे असाल तर एक पुढे, एक मागे, मूल मध्ये. एकटे असाल तर मूल पुढे आणि तुम्ही मागे, थोडं उजवीकडे, म्हणजे मागून येणारा रिक्षावाला आधी तुम्हाला टाळतो. आपण पुढे आणि मूल मागे असं कधीच नको, तुम्ही सिग्नल पार केलेला असतो आणि ते पलीकडे राहतं.

शब्द ठरवून घ्या. आमचे चारच आहेत: थांब, डावी, दार, उतर. "अरे बघ ना बाळा समोरून गाडी येतेय" एवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत गाडी येऊन गेलेली असते. "दार" म्हणजे उभ्या गाडीचं दार उघडू शकतं. उभ्या गाड्यांपासून एक हातभर लांब चालवायचं, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. रिक्षा डावीकडे अचानक कडेला येते आणि माणूस डावीकडूनच उतरतो, त्यामुळे हळू होणारी रिक्षा दिसली की तिच्या डावीकडून घुसायचं नाही, मागे थांबायचं. एनएमएमटीच्या बसचंही तेच. आणि उलट्या बाजूने येणारे स्कूटरवाले, त्यांच्याशी भांडत बसू नका, मूल बरोबर आहे, थांबून जाऊ द्या. मी घरी येऊन भांडते, भिंतीशी.

मुलांना गाडी लांब आहे की जवळ ते कळतं, ती किती जोरात येतेय ते नीट कळत नाही. त्यामुळे थोरला कितीही छान चालवत असला तरी रस्ता कधी ओलांडायचा ते आम्ही ठरवतो.

९. ऊन आणि पाऊस

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलच्या सीटचं बक्कल मांडीला चटका देतं, सीटवर जुना नॅपकिन टाकून ठेवा. मूल पॅडल मारत नसतं, त्यामुळे जानेवारीच्या सकाळी तुम्हाला घाम येतो आणि त्याला थंडी वाजते, तेही लक्षात असू द्या.

पावसाळ्यात आमचं सरळ आहे, रिमझिम असेल तर जातो, रस्त्यावर पाणी असेल तर जात नाही. पाण्याखाली खड्डा आहे की उघडं चेंबर हे वरून दिसत नाही. सबवेत पाणी साचतं, घोटाभर दिसलं तरी आत नाही शिरायचं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि लोखंडी झाकणं साबणासारखी होतात, त्यावर ब्रेक मारू नका आणि वळू नका. रबरचे ब्रेक ओल्या रिमवर उशिरा लागतात, म्हणून आधीपासून हलके दाबत यायचं. छत्री धरून सायकल चालवायची नाही, हे सांगावं लागतंय कारण मी एकदा चालवलीय.

खाडीची हवा आणि पाऊस, चेन आठवड्यात लाल होते. फडक्याने पुसून मशीनच्या तेलाचे थेंब, आणि वरचं जास्तीचं तेल परत पुसायचं. खोबरेल घालू नका, थोड्या दिवसांत धूळ धरून त्याची चिकट राळ होते.

१०. निघायच्या आधी, रोज

हवा, ब्रेक, चेन, सीटचे नटबोल्ट. एक मिनिट लागतं. मुलाच्या सीटचे बोल्ट महिन्यातून एकदा ॲलन कीने कसून घ्या, पेव्हर ब्लॉकच्या धडधडीने ते ढिले होतात. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं.

आमच्याकडे हवा बघायचं काम थोरल्याकडे आहे. तो प्रत्येक टायर अंगठ्याने दाबतो, डॉक्टरसारखा चेहरा करतो आणि "नॉर्मल आहे" म्हणतो. तो दप्तर घ्यायला वळला की मी परत एकदा दाबून बघते.